आधी पाणी मागावं

माझ्या वडिलांचे पाय एका बाईंनी वर्षानुवर्षं धुतले. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या, गावातल्या नव्हत्या, त्यांची मातृभाषाही मराठी नव्हती. सगळा दवाखाना त्यांना अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही अक्काच म्हणत आलो. मी ख्रिस्ती घरात जन्मले, शब्बाथशाळेत वचनं पाठ केली, नाताळच्या नाटकात देवदूत झाले. पण देवापुढे नम्र होणं म्हणजे काय आणि दुसऱ्याचं दुःख आपलं मानणं म्हणजे काय, हे मी पाहिलं ते अक्कांच्या ड्रेसिंगच्या खोलीत. अक्का गेल्या, अण्णाही गेले. आता हे ऋण ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं फार उरली नाहीत, म्हणून लिहिते आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात ते प्राथमिक शिक्षक होते. फळ्यावरचं त्यांचं अक्षर पुसायला मुलांना जिवावर यायचं. रविवारच्या उपासनेत पेटी तेच वाजवायचे. सत्तरच्या दशकात कधीतरी त्यांच्या दंडावर एक फिकट चट्टा उठला. खाज नाही, दुखणं नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पुढं उजव्या हाताची करंगळी आत वळायला लागली आणि पेटीवर बोट नेमक्या पट्टीवर पडेना. थंडीच्या एका रात्री अंगणात शेकोटीभोवती आम्ही बसलो होतो. आईला काहीतरी करपल्याचा वास आला. तिनं आधी आपला पदर चाचपला, मग आमची फ्रॉकं. आणि मग तिचं लक्ष अण्णांच्या पायाकडं गेलं. टाचेला निखारा चिकटला होता आणि अण्णा शांतपणे मला पाढे विचारत होते.

डॉक्टरांनी नाव सांगितलं ते कुष्ठरोग. गावानं त्याचं जुनं नाव घेतलं, रक्तपिती. या रोगाचे जंतू नॉर्वेतल्या आर्मौर हॅन्सन या डॉक्टरांनी १८७३ मध्येच शोधून काढले होते. रोग शापानं होत नाही, तो जंतूंमुळं होतो आणि बहुतेक माणसांच्या अंगात त्याला रोखण्याची ताकद मुळातच असते, हे शास्त्रानं केव्हाच सांगून ठेवलं होतं. डॅप्सोनच्या गोळ्याही होत्या. पण शास्त्राला जे माहीत असतं ते गावाच्या ओट्यावर पोचायला फार वेळ लागतो. पालकांनी मुलं वर्गात पाठवणं बंद केलं. अण्णांना घरी बसायला सांगण्यात आलं. देवळातही आमच्या बाकावर शेजारी कुणी बसेना. कुणी वाईट बोललं नाही, फक्त जागा मोकळी सोडली. अण्णांनी पेटीला हात लावणं आपणहून थांबवलं.

आईनं शेजारणीकडं आम्हा भावंडांना सोपवलं आणि अण्णांना घेऊन मिरज गाठली. आमच्या भागात दुखण्याला मिरजच. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून इकडून सांगली-सातारा आणि तिकडून बेळगाव-विजापूरपर्यंतची माणसं आगगाडीनं तिथं उतरत आली आहेत. त्याच गावात कुष्ठरोग्यांसाठी मिशनचा वेगळा दवाखाना आहे. अण्णा तिथं दाखल झाले. शाळेला सुटी लागली की मी त्यांच्याजवळ राहायला जायची. अक्का मला भेटल्या त्या तिथं.

अक्का धारवाडकडच्या. नर्सिंग शिकून मिरजेला आल्या आणि तिथल्याच झाल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, मनगटावर घड्याळ आणि ते बिघडलं तरी बांधलेलंच. त्यांच्या ड्रेसिंगच्या खोलीत भिंतीला लागून एक लांब बाक होता आणि बाकापुढं पत्र्याच्या बादल्यांची रांग. रोगी बाकावर बसायचे आणि अक्का जमिनीलगतच्या लाकडी पाटावर. त्यामुळं बोलताना त्यांना मान वर करून बोलावं लागायचं. आयुष्यात ज्यांच्याकडं माणसांनी खाली मान घालून किंवा तोंड फिरवूनच पाहिलं, त्यांच्याकडं एक शिकलीसवरलेली बाई रोज सकाळी मान वर करून पाहायची.

काम कसं चालायचं ते मला आजही बारकाईनं सांगता येईल. कोमट पाण्यात आधी अक्का आपलं कोपर बुडवायच्या. पाणी कढत आहे की नाही हे ज्याचे पाय आत जाणार त्याला कळणार नसतं, म्हणून अंदाज स्वतःच्या अंगानं घ्यायचा. मग पाय बादलीत. वाळलेली, भेगाळलेली कातडी मऊ पडेपर्यंत पाय पाण्यातच ठेवायचे. मग ओला पाय आपल्या मांडीवर घ्यायचा, वजरीनं घट्टे हलक्या हातानं घासायचे, बोटांच्या बेचक्यांत डोकावून पाहायचं, काटा, खडा, फोड काही आहे का ते. मग उलट्या हातानं, म्हणजे बोटांच्या मागच्या बाजूनं, तळव्यावरून सावकाश फिरायचं. एखादी जागा बाकी पायापेक्षा गरम लागली की ओळखायचं, आत काहीतरी सुरू झालं आहे, दोन दिवसांत इथं जखम उघडणार. "गुरुजी, इथं तुम्हाला दुखतंय," असं त्या अण्णांना सांगायच्या. अण्णांना ते दुखणं जाणवत नव्हतं. अक्कांना जाणवत होतं. शेवटी पाणी टिपायचं नाही, ओलसर कातडीवरच तेल चोळायचं, म्हणजे ओल आत राहते.

या मेहनतीमागं मोठं शास्त्र होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की कुष्ठरोग्याची बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. रोग नसा बधिर करतो. मग भाजलं, कापलं, टोचलं तरी कळत नाही, माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. वेदना ही देवानं दिलेली राखणदार आहे, ती गेली की शरीर बेवारस होतं, हे ब्रँड यांचं आयुष्यभराचं सांगणं होतं. म्हणून मऊ रबराचे तळ असलेल्या खास चपला, वाकड्या बोटांवरच्या शस्त्रक्रिया आणि रोजची ही पाय धुण्याची शिस्त. बाकावर बसलेल्या प्रत्येकाची हरवलेली वेदना अक्का रोज थोडा वेळ स्वतःकडं घ्यायच्या. सहानुभूती हा शब्द मी पुढं पुष्कळ भाषणांत ऐकला, पण तो उच्चारला गेला की मला पाण्यात बुडवलेलं कोपर आणि तळव्यावरून फिरणारा उलटा हात हेच आठवतं.

पण अक्कांचं मोठेपण सेवेत संपत नव्हतं. पाय धुणारी माणसं त्या दवाखान्यात आणखीही होती आणि त्यांचेही उपकार आहेतच. अक्कांचं वेगळेपण असं की त्या मागायच्या.

अण्णा दाखल झाले तेव्हा कुणाशी बोलत नसत. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. जेवणाचं ताट येई, अर्धं परत जाई. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, डॉक्टर समजावून गेले. अक्कांनी समजावलं नाही. एक दिवस ड्रेसिंग झाल्यावर त्या अण्णांना म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्याकडं एक काम होतं. मला मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. जोडाक्षरं सगळी चुकतात. मला शिकवाल का?"

अण्णा म्हणाले, "माझ्या हातात खडू धरवत नाही आता, सिस्टर."

"मी धरते की. तुम्ही सांगा."

दुपारच्या वेळी व्हरांड्यात पाटीवर अक्का अक्षर काढायच्या आणि अण्णा चुका दाखवायचे. मी बाजूला बसून ऐकायची. अण्णांच्या आवाजाला पहिल्यांदा पुन्हा मास्तरांची धार आली ती "असं नव्हे, रफार वरती" हे म्हणताना. माझ्या वडिलांवरचा इलाज डॅप्सोननं सुरू झाला हे खरंच, पण ते बरे व्हायला लागले ते त्या दुपारपासून, हे आईचं म्हणणं होतं आणि मला ते पटतं. सगळं जग ज्याला द्यायला निघालं होतं, औषध, ब्लँकेट, दया, त्याच्याकडं कुणीतरी काहीतरी मागितलं होतं.

अक्कांना मराठी कशाला हवी होती, तर रोग्यांची पत्रं लिहून द्यायला. पण त्यांचं अक्षर सुधारेपर्यंत ते काम अण्णांच्याच गळ्यात पडलं. वळलेल्या बोटांत पेन अडकवून ठेवायला अक्कांनी कापडाची एक जाडसर गुंडाळी शिवून दिली. त्या पेनानं अण्णांनी किती घरांना पत्रं घातली असतील. मुलीचं लग्न ठरलं का, शेत कुणी कसलं, मी बरा होतोय, मला न्यायला याल का. उत्तरं थोडीच यायची. आलेलं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवायचं कामही अण्णांचंच आणि न आलेल्या उत्तराची वाट पाहणाऱ्याजवळ बसायचं कामही.

वॉर्डात एक म्हातारी होती. दोन्ही हातांची बोटं गेलेली. ती दुपारी स्टोव्हवर चहा करायची, दोन्ही तळव्यांच्या मध्ये पातेलं धरून गाळायची. बाहेरचं माणूस तिच्या हातचा चहा घेत नसे, दवाखान्यात येणारे नातलगसुद्धा नको म्हणायचे. अक्का रोज तिच्याकडं जाऊन म्हणायच्या, "आजी, चहा दे गं, पाठ भरून आली." म्हातारी जर्मनचा पेला दोन तळव्यांत धरून पुढं करायची आणि अक्काही तो दोन्ही हातांनीच घ्यायच्या. साखर कमी असेल तर तक्रार करायच्या. ती तक्रार त्या म्हातारीला औषधासारखी लागू पडायची. आपल्याजवळ हक्कानं तक्रार करावी इतकं आपलं कुणीतरी आहे, हे तिला त्यातून कळायचं.

मी कॉलेजात गेल्यावर एकदा अक्कांना विचारलं की हे मागणं तुम्हाला कुणी शिकवलं. त्यांनी मला योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचायला सांगितला. सुखार गावाबाहेरची याकोबाची विहीर, भर दुपार, पाणी भरायला एकटीच आलेली शमरोनी बाई. यहुदी माणसं शमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, त्यांच्या भांड्यातलं घेणं तर दूरच. चालून चालून थकलेला येशू त्या बाईला उपदेश करत नाही, तिची चौकशी करत नाही, आधी तिच्याकडं प्यायला पाणी मागतो. जिवंत पाण्याच्या गोष्टी त्यानंतर. ती चकित होते ती चमत्कारानं नाही, ती चकित होते ती आपल्याकडं कुणी पाणी मागितलं यानंच. "ज्यानं समुद्र निर्माण केला त्यानं बादली मागितली," अक्का म्हणाल्या, "मग मला चहा मागायला लाज कसली?"

अक्कांची प्रार्थना फार थोडक्यात असायची. सकाळी बादल्या भरायच्या आधी सगळे कर्मचारी एकत्र उभे राहत, वचन वाचलं जाई. प्रार्थना करायची पाळी अक्कांवर आली की त्या दोन-तीन वाक्यांत आटपायच्या. देवा, माझ्याजवळ काही नाही. आजचं तू दे. आमेन. मोठमोठ्या प्रार्थनांची सवय असलेल्या आम्हाला ते अपुरं वाटायचं. लूकच्या शुभवर्तमानातला परूशी आणि जकातदार यांचा दाखला आम्हा ख्रिस्ती मुलांना तोंडपाठ असतो. मंदिरात परूशी आपल्या उपवासांचा आणि दशमांशाचा हिशेब देवाला देतो, मी त्या जकातदारासारखा नाही म्हणून आभार मानतो. जकातदार लांब उभा राहून नुसता ऊर बडवतो आणि दया मागतो. देव नीतिमान ठरवतो तो जकातदाराला. हा दाखला मी गर्वाविरुद्धचा धडा म्हणून शिकले होते. अक्कांच्या सहवासात त्याची दुसरी बाजू दिसली. परूशाची प्रार्थना देवापेक्षाही त्या शेजारच्या माणसाला घातक आहे. मी याच्यासारखा नाही, हे वाक्य एकदा देवापुढं उच्चारलं की मग त्या माणसाला आपण फार तर भीक घालू शकतो, त्याच्या शेजारी बसू शकत नाही. आणि जो देवापुढं रिकाम्या हातांनी उभा राहायला शिकला, त्याला कुणाहीपुढं हात पसरण्यात कमीपणा वाटत नाही. तो मुळातच मिळालेल्यावर जगत असतो. देवाची कृपा घेणारे हात आणि म्हातारीचा पेला घेणारे हात एकच होते.

अण्णांच्या मनात एक प्रश्न ठाण मांडून होता. माझ्या कुठल्या पापाची ही शिक्षा? योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाबद्दल हाच प्रश्न विचारतात आणि येशू त्यांचा हिशेबच मोडून काढतो, हे अण्णांना माहीत होतं. मंडळीत त्यांनी स्वतः त्यावर बोध केला होता. पण जळालेल्या टाचेला बोध पुरत नाही. एका संध्याकाळी त्यांनी हा प्रश्न अक्कांना विचारला. मी तिथं होते. अक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाय मांडीवरून खाली ठेवला नाही, की घाईघाईनं एखादं वचनही सांगितलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओल्या हातांनी ते पुसता येईना, म्हणून त्यांनी खांद्याला गाल घासला. पुढं कधीतरी अण्णाच मला म्हणाले, "बेथानीत लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात लाजराला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी मार्था-मरियेबरोबर तो आधी रडला. उत्तर हातात असून आधी रडणारा देव मला त्या दिवशी कळला." अण्णांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

दीर्घ औषधोपचारानंतर अण्णा घरी आले. आता यांच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ते पत्र आईनं पाळकांना दाखवलं, मंडळीच्या वडीलजनांना दाखवलं. तरी त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला अण्णांसाठी काचेचा एक लहान पेला वेगळा ठेवलेला होता. सगळ्यांसाठी एक प्याला, अण्णांसाठी हा. अण्णांचा पाहुणचार घ्यायला त्या रविवारी अक्का मिरजेहून आल्या होत्या आणि आमच्या बाकावर, अण्णांच्या शेजारी बसल्या होत्या. पेला अण्णांच्या हातात आला. अक्का त्यांच्याकडं वळून हळूच म्हणाल्या, पण देवळात शांतता असल्यानं ते सगळ्यांनी ऐकलं, "गुरुजी, अर्धा मला ठेवा."

अण्णांनी अर्धा घेतला. उरलेला अक्कांनी.

त्या कुणावर रागावल्या नाहीत, बाहेर आल्यावर कुणाला सुनावलं नाही. सगळ्यांना सलाम केला, चहा घेतला, आमच्याकडं जेवल्या. पुढच्या प्रभुभोजनाला वेगळा पेला नव्हता. काही घरं काही काळ आली नाहीत, नंतर तीही आली. मी पुष्कळदा विचार करते की अक्का त्या दिवशी पाळकांशी भांडल्या असत्या तर काय झालं असतं. कदाचित न्याय मिळालाही असता आणि भांडणंही कधी कधी करावी लागतात. पण अक्कांनी अण्णांकडं आणखी एकदा काहीतरी मागितलं, आणि ज्या पेल्यानं अण्णांना वेगळं काढलं होतं त्याच पेल्यात त्या वाटेकरी झाल्या.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे सगळं नवं नाही, आपल्याकडं त्याची एक वाटच आहे. अण्णांच्या उशाशी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' असायची. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढं त्यांच्याकडं राहायला आल्या तरी आपलं सोवळंओवळं त्यांनी सोडलं नव्हतं. ते सुटलं ते कुणाच्या उपदेशानं नाही, त्यांच्या स्वतःच्या मनानं माणसामाणसातला भेद नाकारला तेव्हा. आता कुणाच्याही हातचं खायचं, हा निश्चय आधी झाला आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. हा क्रम अण्णांना फार मोलाचा वाटे. दुसऱ्याला वाढणं सोवळ्यातल्या माणसालाही जमतं, ते म्हणत, दुसऱ्याच्या हातचं घेताना मात्र आतलं काहीतरी मोडावं लागतं. टिळकांची वाटही घेण्याचीच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगायचे. नव्या श्रद्धेत गेलेला हा माणूस देवापाशी लहानपण मागणाऱ्या वाण्याचं ऋण उघड मान्य करतो, यात मला तीच नम्रता दिसते.

आणि पंडिता रमाबाई. संस्कृत पुराणं तोंडपाठ असणारी, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही विदुषी. १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उपाशी, रोगी मुली तिनं आणल्या आणि केडगावला मुक्ती सदनात वाढवल्या. आयुष्याची शेवटची वर्षं तिनं हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली, तेही साध्या बाईमाणसाला समजेल अशा मराठीत. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. एवढी विद्या असताना त्या कमी शिकलेल्या बायकांच्या बोलीपाशी येऊन बसल्या. अक्का पाटावर बसायच्या तशाच.

ऐंशीच्या दशकात तीन औषधं एकत्र देणारी नवी उपचारपद्धती आली, आणि जन्मभराच्या गोळ्या महिन्यांवर आल्या. आता हा रोग सरकारी दवाखान्यात फुकट आणि पूर्ण बरा होतो. १८९८ चा कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवणारा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९ मध्ये वगळला गेला. अण्णांना यातलं नवं औषध तेवढं पाहायला मिळालं. शाळेत ते परत जाऊ शकले नाहीत, पण घराच्या ओसरीवर त्यांनी शेवटपर्यंत मुलांना शिकवलं. ज्यांनी कधीकाळी मुलं काढून नेली होती त्यांच्याच घरची नातवंडं त्या ओसरीवर पाढे म्हणायला यायची.

अक्का निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी अंथरुणाला खिळल्या. पुढं पुढं त्यांना स्वतःच्या हातानं घासही घेता येईना. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतल्या बायका, जुन्या रोगी, पाळीपाळीनं यायच्या. जिचे पाय अक्कांनी धुतले होते ती आता अक्कांचे पाय धुवायची, बोटं नसलेल्या तळव्यांत चमचा धरून कुणी पेज भरवायची. मी भेटायला गेले की वाटायचं, अक्का संकोचत असतील. आयुष्यभर देत आलेल्या माणसाला घेणं जड जातं, हे मी इतरत्र पाहिलं होतं. शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्रालाही ते जड गेलं होतं. प्रभू, तू माझे पाय धुणार? नाही, कधीच नाही, असं तो हट्टानं म्हणाला. येशूनं त्याला सांगितलं की हे घेतलं नाहीस तर माझ्याशी तुझा वाटा नाही. अक्कांना ते जड गेलं नाही. त्यांना घेण्याचा सराव होता. पेज अळणी झाली तर त्या तेव्हाही तक्रार करायच्या आणि भरवणारीचा चेहरा खुलायचा.

आमची मंडळी दर नाताळात कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत ब्लँकेटं वाटायला जाते. चांगलं काम आहे, थंडी खरी असते. पण वाटप झालं, प्रार्थना झाली, फोटो झाला की आमची गाडी जेवणाच्या आत परत फिरते. गेल्या वर्षी मंडळीच्या सभेत मी उभी राहिले आणि अण्णांची आणि अक्कांची ही हकीकत सांगितली. म्हटलं, यंदा ब्लँकेटं न्या, पण वसाहतीत आधीच निरोप धाडा की नाताळचं जेवण आम्ही तुमच्याकडं घेणार, भाकरी तुमच्या हातची आणि प्रार्थनाही तुमच्यातल्याच कुणीतरी चालवायची. देवळात जरा वेळ कुजबुज झाली. मग एक तरुण पोरगा उठून म्हणाला, "मला चालेल. मी पाणी भरायला मदत करतो."

मी म्हणाले, "भर की बाळा. पण पोचल्या पोचल्या आधी प्यायला माग."